एका अंशासाठी वीस जादा नट

व्हील स्पेसर म्हणजे गाडीचा हब आणि चाकाची रिम यांच्यामध्ये बसवायची धातूची चकती. ती बसवली की चाक चकतीच्या जाडीइतके बाहेर सरकते. दोन्ही बाजूंना बसवली की डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर, ज्याला ट्रॅक म्हणतात, जाडीच्या दुपटीने वाढते. बाजारात तिचे दोन प्रकार मिळतात. पातळ चकती 3 ते 10 मिलिमीटरची असते. ती मूळ स्टडांवर नुसती सरकवायची आणि वर रिम चढवून नट आवळायचे. जाड स्पेसर 25 ते 50 मिलिमीटरचा असतो. तो हबच्या मूळ स्टडांवर स्वतःच्या वेगळ्या नटांनी आवळला जातो आणि त्याच्यातून निघालेल्या नव्या स्टडांवर चाक बसते. थार, जिम्नी, गुरखा आणि जुन्या जिप्सी यांच्यावर दिसतो तो बहुतेक हा दुसरा प्रकार.

पुण्याहून पौड रस्त्याने घोटावडे फाट्याला वळून किंवा हिंजवडी-माणवरून घोटावड्याला येऊन मुळशीतल्या रिहे खोऱ्यात शिरणाऱ्या फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांवर हे स्पेसर सर्रास असतात. बसवणाऱ्यांची कारणेही ठरलेली आहेत: गाडी स्थिर होते, मोठे टायर घासत नाहीत, खुद्द कंपन्याही ट्रॅक वाढवतात, परदेशात सगळे वापरतात, आणि ऑफ-रोडला वेग इतका कमी असतो की धोका नसतो. यांतले एक कारण खरे आहे, एक अर्धे खरे आहे आणि उरलेली टिकत नाहीत. जे खरे आहे त्यालाही स्पेसर हे बरे उत्तर नाही.

स्थिरतेचा दावा सर्वांत मोठा आहे. गाडी आडव्या उतारावर किती कलंडू शकते हे दोन मापांवर ठरते: ट्रॅकची निम्मी रुंदी आणि जमिनीपासून गुरुत्वमध्याची उंची. निम्म्या ट्रॅकला त्या उंचीने भागले की येणारी संख्या त्या कोनाचा टॅन्जंट असते. मारुती सुझुकी जिम्नीचा पुढचा ट्रॅक 1395 मिलिमीटर आहे. गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण 70 सेंटिमीटरवर धरला, तर कलंडण्याचा कोन जवळपास 45 अंश येतो. आता चारही चाकांना 25 मिलिमीटरचे स्पेसर लावले तर ट्रॅक 1445 होतो आणि कोन 46 अंशांच्या जरा आत येतो. मिळाले काय, तर एक अंश.

हा एक अंशही कागदावरचा आहे. उतारावर गाडी नुसती उभी नसते. खालच्या बाजूच्या स्प्रिंगा दबतात, टायर दुमडतो, टपावरच्या कॅरिअरमध्ये स्टेपनी आणि पाण्याचे कॅन असतात, माणसे एका बाजूला झुकतात. खालच्या चाकाखालची माती दोन इंच खचली तर कोन दोन अंशांनी वाढतो. स्पेसरने कमावलेल्या अंशाच्या दुप्पट एवढ्यातच गेले. रिह्यासारख्या भाताच्या गावात हे नेमके घडते. वाट एका बाजूने डोंगराच्या पायथ्याला आणि दुसऱ्या बाजूने खाचराच्या बांधाला लागून जाते. बांध पावसात भिजून भुसभुशीत झालेला असतो. गाडी तिथे कलंडते ती बांधाची कड ढासळते म्हणून. अशा ठिकाणी चाक 25 मिलिमीटर बाहेर असणे म्हणजे त्या ढासळणाऱ्या कडेच्या तितकेच जवळ असणे.

त्यातही स्पेसर सहसा एकटा येत नाही. बहुतेक गाड्यांवर तो दोन इंचांचे लिफ्ट किट आणि एक माप मोठे टायर यांच्या मागोमाग बसतो. किंबहुना 'लिफ्ट केली म्हणून उंची वाढली, ती स्पेसरने भरून काढली' हाच युक्तिवाद सर्वाधिक ऐकू येतो. आकडे तो खोटा ठरवतात. लिफ्ट आणि टायर मिळून गुरुत्वमध्य 65 मिलिमीटरने जरी वर गेला, तरी 1445 च्या ट्रॅकवर कोन साधारण 43 अंशांवर उतरतो. म्हणजे लिफ्ट अधिक स्पेसर अशी गाडी कंपनीतून आली त्यापेक्षा कमी स्थिर असते. गेलेले अडीच अंश होते, परत आला एक. स्थिरता खरोखर हवी असेल तर टपावरचे सामान खाली घेणे आणि लिफ्ट न करणे हे दोन्ही उपाय फुकट आहेत.

रिहे, मुलखेड, घोटावडे या पट्ट्यात या वादात ट्रॅक्टरचा दाखला हमखास येतो. भाताच्या चिखलणीला आणि वाहतुकीला वेगवेगळा ट्रॅक लागतो म्हणून शेतकरी ट्रॅक्टरची मागची चाके उलटी करून बसवतो आणि रुंदी कमी-जास्त करतो. मग गाडीला तेच केले तर काय बिघडले, असे विचारले जाते. दाखला चांगला आहे, पण तो स्पेसरच्या विरोधात जातो. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाची तबकडी आणि रिम मुळातच अशा बनवलेल्या असतात की त्यांची बाजू बदलली की ट्रॅक बदलतो. हब आणि तबकडी यांच्यामध्ये नवा तुकडा येत नाही आणि सांध्यांची संख्या वाढत नाही. अ‍ॅक्सलही त्या सर्व मापांचा हिशेब धरून बनवलेला असतो आणि यंत्राचा वेग ताशी पंचवीस-तीस किलोमीटरच्या आसपास राहतो. शेतकरी जे करतो त्याचा गाडीतला समांतर प्रकार म्हणजे वेगळ्या ऑफसेटची रिम बसवणे. त्याकडे पुढे येऊ.

दुसरा दाखला जिप्सीचा. 1985 मध्ये भारतात आलेल्या मारुती जिप्सीचा ट्रॅक अरुंद होता आणि गाडी उंच. 1993 मध्ये मारुतीने तिचा ट्रॅक 90 मिलिमीटरने वाढवून 'वाइड ट्रॅक' जिप्सी आणली. स्पेसरचे समर्थक याकडे बोट दाखवतात: कंपनीला स्वतःलाच रुंदी वाढवावीशी वाटली ना? वाटली, यात शंका नाही. पण ती कशी वाढवली हे सांगताना हा दाखला अर्ध्यावर सोडला जातो. मारुतीने अ‍ॅक्सलच लांब केले, आतले शाफ्ट लांब केले आणि बाहेर आलेली चाके झाकायला मडगार्डना कमानी लावल्या. हब, बेअरिंग आणि चाक यांचे परस्परांशी असलेले नाते जसेच्या तसे राहिले. पुन्हा तिथे वाढ 90 मिलिमीटरची होती, म्हणजे 25 च्या स्पेसरांनी मिळते त्याच्या जवळपास दुप्पट, आणि ती गाडी उंच न करता. कंपनीने जे केले त्याचे नाव घेऊन नेमके जे केले नाही ते करणे, असा हा युक्तिवाद आहे.

उरते ते खरे कारण: टायर घासणे. मोठ्या मापाचा किंवा रुंद टायर बसवला की पुढचे चाक पूर्ण वळवताना त्याची आतली कड चॅसीला, स्प्रिंगला किंवा सस्पेन्शनच्या आर्मला लागते. जिम्नी आणि जिप्सीसारख्या अखंड अ‍ॅक्सलच्या गाड्यांत एक चाक खड्ड्यात आणि दुसरे धोंड्यावर असले की टायर आतल्या बाजूने वर घुसतो आणि घासतो. चाक बाहेर सरकवले की ही घासण थांबते, हे मान्यच केले पाहिजे. मात्र बाहेर आलेले तेच चाक पूर्ण वर उचलले गेले की मडगार्डच्या बाहेरच्या ओठाला जाऊन भिडते. म्हणून स्पेसर बसवलेल्या कितीतरी गाड्यांच्या मडगार्डची कड आतून चकाकलेली किंवा कापलेली दिसते. घासण जागा बदलते, एवढेच बऱ्याचदा होते.

आणि चाक बाहेरच सरकवायचे असेल तर त्यासाठी स्पेसर हा एकमेव मार्ग नाही. प्रत्येक रिमचा एक ऑफसेट असतो, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारा पृष्ठभाग किती अंतरावर आहे ते माप. जिम्नीच्या मूळ रिमचा ऑफसेट अधिक 5 मिलिमीटर आहे. 25 चा स्पेसर लावला की परिणामी ऑफसेट उणे 20 होतो. उणे 20 ऑफसेटची, त्याच पाच भोकांच्या मापाची रिम घेतली तर टायर अगदी त्याच जागी येतो. घासण तितकीच थांबते, ट्रॅक तितकाच वाढतो, गाडी तितकीच रुंद दिसते. फरक एकच: रिम आणि हब यांच्यामध्ये काहीही नसते. चार रिमांना स्पेसरांपेक्षा खूप जास्त पैसे पडतात आणि खरे तर स्पेसरच्या बाजूने उरणारा एकमेव प्रामाणिक मुद्दा हा पैशाचा आहे. तो मुद्दा सोडून बाकीचे सगळे सांगितले जाते, हीच अडचण आहे.

हबवर चाक कसे धरलेले असते ते एकदा नीट पाहिले की या 'मध्ये काही नसण्याचे' मोल कळते. सर्वसाधारण समज असा की चाकाचे वजन स्टडांवर टांगलेले असते. तसे नसते. नट आवळला की स्टड ताणला जातो आणि रिमला हबवर दाबून धरतो. गाडीचे वजन, ब्रेकचा जोर, खड्ड्याचा आघात हे सगळे त्या दाबातून निर्माण होणारे घर्षण पेलते. 12 मिलिमीटरच्या स्टडवरचा नट 100 न्यूटन मीटरने आवळला तर एका स्टडमध्ये साधारण चार टनांचा ताण येतो. पाच स्टड मिळून वीस टनांहून थोडा जास्त. हा दाब कायम आहे तोवर स्टड आडव्या दिशेने जवळपास काहीच सोसत नाहीत. दाब उतरला की पृष्ठभाग एकमेकांवर किंचित घसरू लागतात, स्टड प्रत्येक फेऱ्याला वाकून सरळ होतो, आणि वाकवून वाकवून तार तुटावी तसा थकून तुटतो. तुटलेल्या स्टडांची जी छायाचित्रे फिरतात त्यांत बहुतेकदा पोलाद वाईट नसते. नट आधी सैल झालेला असतो.

दाब उतरतो कशाने? पृष्ठभागांच्या मधल्या थराने. रंग, गंज किंवा वाळलेला चिखल यांचा कागदाहून पातळ थर दाबाखाली चुरला की सांधा मिलिमीटरच्या काही शतांशांनी बसतो, आणि एवढ्या आखूड स्टडचा ताण उतरायला तेवढे पुरते. मुळशीतली तांबडी माती या कामी फार तत्पर आहे. ओढा ओलांडताना पाण्यासोबत ती स्पेसरच्या मागे, हबच्या मधल्या कड्याभोवती आणि स्टडांच्या भोकांत शिरते. मग वाळून विटकरी पूड होते. चाक काढल्यावर स्पेसरच्या पांढऱ्या अ‍ॅल्युमिनियमवर हबच्या गंजाचा तपकिरी गोल उमटलेला दिसतो. त्या गोलात कुठे चकचकीत घासलेला पट्टा असेल तर तिथे धातू धातूवर हलत होता, याची ती खूण असते. शिवाय अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. घाट उतरताना ब्रेकने तापलेला हब आणि पाठोपाठ ओढ्याचे गार पाणी, अशा फेऱ्यांत आतल्या नटांचा ताण सारखा कमी-जास्त होत राहतो.

जाड स्पेसरने हा सांधा एकाऐवजी दोन होतो. एका चाकाला पाच नट जादा, चार चाकांना वीस. त्यांतले बाहेरचे दिसतात, आतले दिसत नाहीत. चाक उतरवल्याशिवाय आतल्या नटावर पाना बसतच नाही. स्पेसर विकणारेही सांगतात की बसवल्यावर शंभरेक किलोमीटरने नट पुन्हा आवळावेत. पण हे करायचे म्हणजे जॅक लावून चारही चाके काढायची, आतले वीस नट टॉर्क रेंचने तपासायचे, चाके चढवायची आणि बाहेरचे वीस तपासायचे. प्रत्यक्षात काय होते ते कुठल्याही फाट्यावरच्या पंक्चरच्या टपरीवर पाहता येते. चाक निघते, पंक्चर निघते, आतल्या नटांकडे कोणी पाहत नाही, आणि इम्पॅक्ट गनचा एक फर्राटा मारून चाक परत बसते. गनने किती आवळले हे आवळणाऱ्यालाही ठाऊक नसते. गरजेपेक्षा जास्त आवळलेला नट स्टड कायमचा ताणून ठेवतो, कमी आवळलेला सुटतो. दोष टपरीवाल्याचा नाही. त्याला कंपनीने बनवलेली गाडी ठाऊक असते आणि कंपनीच्या गाडीला आत दुसरे नट नसतात.

पातळ चकतीची गोष्ट याहून वाईट आहे, कारण ती निरुपद्रवी दिसते. ती बसवताना स्टड तोच राहतो आणि चकतीच्या जाडीइतकी त्याची उपयोगी लांबी कमी होते. नटाने स्टडचे निदान त्याच्या व्यासाइतके, म्हणजे 12 मिलिमीटरच्या स्टडवर 12 मिलिमीटर लांबीचे आटे पकडले पाहिजेत, असा साधा नियम आहे. आट्यांमधले अंतर 1.25 मिलिमीटर असेल तर 10 मिलिमीटरची चकती आठ आटे खाऊन टाकते. नट तरीही फिरतो, आवळल्यासारखा वाटतो, आणि दोन-तीन आट्यांवर गाडी चालू लागते. लांब स्टड न बसवता अशी चकती टाकणे याला समर्थन असूच शकत नाही. जाड स्पेसरमध्ये उलटी अडचण येते. मूळ स्टड स्पेसरच्या बाहेर डोकावतो आणि रिमला मागे खोलगट जागा नसेल तर रिम त्याच्यावर टेकते. मग ग्राइंडरने हबचे मूळ स्टड कापले जातात. स्पेसर 'हवा तेव्हा काढता येतो' हा फायदा तिथेच संपतो.

स्पेसरचे विरोधकही काही वेळा मोजमाप सोडून बोलतात. स्पेसर लावला की बेअरिंग लगेच जाते, असे म्हटले जाते. तसे होत नाही. चाकावर 400 किलो भार धरला तर 25 मिलिमीटर बाहेर सरकल्याने बेअरिंगवर साधारण 100 न्यूटन मीटरचा जादा पीळ येतो. वेगाने वळताना टायरवरच्या आडव्या जोराने येणारा पीळ याच्या कितीतरी पट असतो. तरीही बेअरिंगचे आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. भार दहा टक्क्यांनी वाढला की आयुष्य साधारण पाव हिश्श्याने घटते. म्हणजे एक लाख किलोमीटर चालणारे बेअरिंग पाऊण लाख चालेल. हा खर्च आहे, अपघात नाही. शिवाय उणे ऑफसेटची रिमही बेअरिंगवर हाच भार टाकते, तेव्हा हा मुद्दा स्पेसरविरुद्ध वेगळा उभा राहत नाही. स्पेसरने स्प्रिंगा मऊ होतात, हे विधानही सरसकट खरे नाही. थारच्या पुढच्या डबल विशबोन सस्पेन्शनमध्ये वरचे-खालचे आर्म जवळपास समांतर असतील तर चाक बाहेर गेल्याने स्प्रिंगच्या कडकपणात फारसा फरक पडत नाही.

स्टीअरिंगचे मात्र खरेच बिघडते. पुढचे चाक ज्या तिरप्या अक्षाभोवती वळते तो अक्ष जमिनीला जिथे टेकतो आणि टायरच्या पट्ट्याचा मध्य जिथे टेकतो, त्यांतले अंतर कंपनीने ठरवलेले असते. चाक बाहेर सरकले की ते अंतर तेवढेच वाढते. मग एका बाजूच्या चाकाला धोंडा लागला की त्याचा हिसका लांब तरफेतून स्टीअरिंगवर येतो, आणि एक चाक चिखलात व एक डांबरावर असताना ब्रेक मारला की गाडी एका अंगाला ओढते. टाय रॉडची टोके, स्टीअरिंग नकलची बेअरिंगे लवकर झिजतात. अखंड अ‍ॅक्सलच्या गाड्यांत पुढची चाके ठरावीक वेगाला थरथरण्याची खोड असते. सांध्यांत झीज असली की ती खोड जागी होते, आणि तिला जागे करायला हा वाढलेला तरफेचा हात मदतच करतो. हे दोष उणे ऑफसेटच्या रिमलाही लागू आहेत, म्हणून टायर बेतानेच मोठे घ्यावेत हे ओघाने आले. बाहेर आलेला टायर दारांवर आणि मागच्या दुचाकीवाल्यावर चिखल-खडी उडवतो, ते वेगळेच.

'ऑफ-रोडला वेगच किती असतो' हा युक्तिवाद ऐकायला समंजस वाटतो. ताशी दहा किलोमीटरने चालणाऱ्या गाडीचे चाक निघाले तर गाडी बसेल, फार तर मडगार्ड दुमडेल. पण रिह्याला येणारी गाडी ट्रकवर लादून येत नाही. पुण्याहून रिहे तिसेक किलोमीटर. दिवसभरातली कच्ची वाट त्यातली जेमतेम काही किलोमीटर. बाकी सगळे डांबर, आणि परतीला चांदणी चौकाकडे किंवा हिंजवडीतून मुंबई-बेंगळुरू महामार्गाकडे वाहणारी गर्दी. नट सैल करणारे हिसके खोऱ्यात बसतात, नट सुटण्याला लागणारे हजारो फेरे डांबरावर होतात. चाक निखळायचेच असेल तर ते खाचराशेजारी निखळण्यापेक्षा रविवारी संध्याकाळी, ताशी ऐंशीच्या वेगात, दोन्ही बाजूंना दुचाक्या असताना निखळण्याची शक्यता जास्त. सुटलेले चाक गाडीपेक्षा पुढे धावते आणि कुणाच्या अंगावर जाईल ते सांगता येत नाही. स्पेसरचा फायदा, जो काही आहे तो, गाडीवाल्याचा. धोका मात्र रस्त्यावरच्या सगळ्यांचा.

स्पर्धांचा आणि परदेशाचा दाखला इथे लागू पडत नाही. 2014 पासून गोव्यात भरणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धेत उतरणाऱ्या गाड्या त्या कामासाठी बांधलेल्या असतात, आणि त्यांच्यामागे हत्यारे घेऊन माणसे उभी असतात. जर्मनीत स्पेसर चालतात हे खरे, पण तिथे त्या विशिष्ट गाडीसाठी, त्या विशिष्ट जाडीसाठी तपासणी संस्थेचा दाखला लागतो. तो नसेल तर गाडी रस्त्यावर आणता येत नाही. पोर्शेने काही मोटारींसाठी स्वतःच 5 मिलिमीटरचे स्पेसर दिले, सोबत लांब बोल्टही दिले. ऑस्ट्रेलिया तर ऑफ-रोड गाड्यांचा देश. तिथे गाडीच्या बदलांसाठीची राष्ट्रीय नियमावली मूळ कंपनीने बसवलेले नसतील तर हब आणि चाकामध्ये स्पेसर मान्य करत नाही. ज्यांचे नाव घेऊन समर्थन केले जाते त्यांतल्या कोणीही 'लेथवर कातून घ्या आणि बसवा' असे म्हटलेले नाही.

भारतातला कायदा काय म्हणतो? मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे लावले. स्पेसरवाल्यांचे उत्तर असे की नोंदणी प्रमाणपत्रात व्हीलबेस असतो, ट्रॅक नसतो, तेव्हा विसंगती कुठे आहे? हा मुद्दा अगदीच पोकळ नाही. पण 2019 च्या दुरुस्तीने आलेले कलम 182-अ एवढ्यावर थांबत नाही. त्याच्या चौथ्या उपकलमात सुटे भाग मागाहून बसवून केलेल्या, अधिनियमाने परवानगी न दिलेल्या बदलाचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही. कायद्याच्या फटीतून सुटले तरी विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या कागदात वर येतो, आणि हब किंवा बेअरिंगचा बिघाड वॉरंटीत बसवताना तो आडवा येतो.

पुण्यातच वेताळ टेकडीवर एआरएआय ही वाहनांची चाचणी संस्था 1966 पासून आहे. चाकाची रिम बाजारात येण्याआधी तिला वळणाचा पीळ देऊन, भाराखाली सतत फिरवून आणि आघात देऊन अशा चाचण्यांतून जावे लागते. कंपनीची गाडी त्या रिमसह तपासली जाते. मधे स्पेसर घातला की तपासलेली रिम आणि तपासलेला हब यांना जोडणारा दुवा न तपासलेला राहतो. त्यावर धातूचा दर्जा कोरलेला असला, '6061' किंवा '7075' असे आकडे असले, तरी ते फक्त मिश्रधातूचे नाव आहे. तुकडा ओतीव आहे की घडाईचा, भोके किती अचूक आहेत, हबच्या मधल्या कड्यावर तो नेमका बसतो की पाच स्टडांवर अंदाजाने, हे त्या आकड्यांतून कळत नाही. जिम्नीच्या रिमचे मधले भोक सुमारे 108 मिलिमीटरचे आहे. त्या मापाचे कडे नसलेला, 'सगळ्यांना बसणारा' स्पेसर मध्यावर येईलच याची खात्री नाही.

तेव्हा हिशेब असा आहे. रिहे खोऱ्यातल्या वाटांसाठी मूळ मापाच्या टायरवर स्पेसरची गरज नाही. टायर घासत असेल तर टायर लहान घ्यावा किंवा योग्य ऑफसेटची, प्रमाणित रिम घ्यावी. ज्यांच्या गाडीवर स्पेसर आधीच आहेत त्यांनी पुढच्या फेरीआधी चारही चाके उतरवावीत, हब आणि स्पेसरचे पृष्ठभाग तारेच्या ब्रशने कोरे करावेत, आणि आतल्या प्रत्येक नटाला टॉर्क रेंच लावावा. त्यातला एक जरी नट ठरलेल्या आकड्याआधी फिरला, किंवा पृष्ठभागावर घासल्याचा चकचकीत पट्टा दिसला, तर स्पेसर परत बसवू नयेत आणि स्टडही बदलून घ्यावेत.